मेडिकलला गेल्यावर पळणं सुटतं का? साताऱ्याच्या पोरापोरींसाठी

नीटचा निकाल लागून कॉलेज मिळालं की दरवर्षी मेसेज सुरू होतात, सर आता स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे पळायचे बूट, ठेवू का विकू. शाहू स्टेडियमवर सकाळी दिसणारी, जिल्हा-विभागाला ८०० नायतर १५०० मीटर पळलेली पोरं असतात ही, आणि घरचे म्हणत असतात आता बास झालं. मी १५०० वाला, मेडिकलला असताना पळलो, युनिव्हर्सिटी टीममध्ये होतो, आता प्रॅक्टिस करतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, प्रत्येकाला वेगळं टाइप करायला नको.

पहिलं म्हणजे वेळ मिळत नाही हे खरं नाही. वेळ निघतो. झोप निघत नाही, खरं दुखणं तिथं आहे.

वेळेचं कसं, रॉजर बॅनिस्टर सगळ्यांना माहीत असतो, ६ मे १९५४, ऑक्सफर्डचा इफली रोड ट्रॅक, एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात, चार मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. पण आपल्या कामाची गोष्ट ही की गडी तेव्हा लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलला मेडिकल शिकत होता. दुपारच्या सुट्टीत पॅडिंग्टनच्या ट्रॅकवर जायचा, पळायचा आणि परत वॉर्डात. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं आराम, आधी ६६ सेकंदांची एक फेरी आणि महिन्यामहिन्यानं कमी करत ५९ पर्यंत. रेकॉर्डच्या दिवशी पण सकाळी हॉस्पिटलमध्येच होता, तिथल्या लॅबमधल्या दगडावर स्पाइक्सचे खिळे घासून घेतले आणि ट्रेन धरून ऑक्सफर्डला गेला. तुमचं वेळापत्रक यापेक्षा अवघड आहे असं मला तरी वाटत नाही.

पण मोटिव्हेशनवाले इथंच थांबतात. दोन वर्षं आधी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझ घेऊन आले, आणि त्याच ऑलिंपिकला बॅनिस्टर १५०० मध्ये चौथा, हात हलवत परत. झालं काय तर आयत्या वेळी सेमीफायनल वाढवली, म्हणजे तीन दिवसांत तीन शर्यती, आणि ह्याची तयारी सगळी कमी पण कडक प्रॅक्टिसची, एका दिवशी जीव तोडून पळायची. तिसऱ्या दिवशी पायात काही उरलं नव्हतं. मला ह्या माणसाच्या रेकॉर्डपेक्षा ही हार जास्त शिकवून गेली, कारण आपल्या इंटरकॉलेजला पण असंच असतं, आज हीट म्हणजे प्राथमिक फेरी, उद्या फायनल, मध्येच रिलेला कोणीतरी ओढून नेतं.

म्हणून माझा हिशोब असा, आठवड्यात दोन दिवस ट्रॅकवर कडक काम, चाळीस मिनिटांत आवरायचं, आणि रविवारी एक लांब, एकदम निवांत रन, शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच स्पीड. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट आहेच, मिरजेला शिकणाऱ्यांनी सुट्टीला दंडोबाचा डोंगर धरावा नायतर सपाट रस्त्यावर तास-सव्वा तास. बाकी दिवशी जमलं तर हलकं, नाही जमलं तर सोडून द्या. आणि साताऱ्यात हिल मॅरेथॉनचं वारं लागून सगळ्यांना २१ किलोमीटर पळायचं असतं, ते एमबीबीएस होईपर्यंत नको, हे माझं मत, पटत नसेल तर सोडा. त्याला लागणारे किलोमीटर आणि त्यानंतरची झोप तुमच्याकडे नसते.

झोप पुरली का नाही हे मोजायचं कसं? सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवा, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि मोबाईलमध्ये लिहा. पळणाऱ्याची पन्नासच्या आसपास पण असते, ईसीजी काढला की सिस्टर घाबरतात, ते ठीक आहे. पण नेहमीपेक्षा सात-आठनं वाढलेली दिसली की त्या दिवशी ट्रॅक बंद, फक्त चालणं. इंटर्नशिपच्या वर्षी नाइट ड्यूटीनंतर हा आकडा बघाच, आपोआप कळेल. नाइट करून आल्यावर इंटरव्हल, म्हणजे ट्रॅकवरच्या कडक फेऱ्या, मारणं म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू, दुखवून घेणं, आधी झोपा. मुलींनी आणि शाकाहारी पोरांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण बघून घ्या, एचबी नॉर्मल असून फेरिटिन तळाला गेलेलं असतं आणि आपण फॉर्म गेला म्हणून रडत बसतो.

मागे एका मुलीची आई आली होती, "डॉक्टर, हिला सांगा की आता पळायचं बास कर म्हणून, मार्क घसरलेत."
म्हणलं, "काकू, झोपती किती वाजता?"
"एक तर वाजतोच."
"पळायला जाती किती वेळ?"
"तासभर."
"मग आधी मोबाईल काढून घ्या, पळण्याचं नंतर बघू."
पोरगी माझ्यावर अजून चिडून आहे.

हजेरीचं थोडक्यात, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, स्पर्धेला जायच्या आधी लेखी परवानगी घ्या, आल्यावर सही मागत फिरू नका.

औषधांचं मात्र नीट वाचा कारण मेडिकलवाले इथं जास्त बेफिकीर असतात. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते स्पर्धेच्या वेळी ठरलेल्या प्रमाणाच्या वर सापडलं की डोपिंग, आणि प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या पण स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. दमा असेल तर इन्हेलरचे नियम आधी वाडाच्या (WADA, जागतिक डोपिंगविरोधी संस्था) यादीत बघा. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, माहीत नव्हतं हे कारण कोणाचंच चालत नाही, डॉक्टरचं तर अजिबात नाही.

पुढं काय हे पण विचारतात. बॅनिस्टरनं १९५४ मध्येच व्हँकुव्हरला ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीला मैलाच्या शर्यतीत हरवलं आणि त्याच वर्षी पंचविसाव्या वर्षी पळणं थांबवून न्यूरोलॉजी धरली, आयुष्यभर तेच केलं. आपल्याकडचे वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला हॉकीत ब्राँझ जिंकले आणि नंतर स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये गेले. दोन्ही रस्ते बरोबरच. पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसला, लागल्यावर मात्र सिरियस पळणं जवळपास थांबतं, सर्जिकल ब्रँच असेल तर नक्कीच, हे आत्ताच सांगून ठेवतो. ज्यांना स्पोर्ट्स मेडिसिन हवंय असं वाटतंय त्यांनी आधी एखाद्या मॅरेथॉनच्या फिनिश लाइनला मेडिकल टेंटमध्ये दिवसभर उभं राहून बघा. मुरगळलेले घोटे, पेटके, उन्हानं बरळायला लागलेला माणूस आणि पाणी जास्त पिऊन सोडियम घसरलेला माणूस, शेवटचे दोघं बाहेरून सारखेच दिसतात आणि उपचार एकदम उलटे. ते ओळखायला मजा आली तर ही ब्रँच तुमची.