ऱ्होडोक्रोसाइट जपताना
ऱ्होडोक्रोसाइट हा दागिन्यांत वापरला जाणारा दगड, म्हणजे मँगनीज कार्बोनेट. गुलाबी रंग मँगनीजचाच. अर्जेंटिनातल्या कापिलितास खाणीतल्या दगडात गुलाबी-पांढरी वलयं असतात, फारच देखणी! पण मोस मापनश्रेणीत (खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणारी पट्टी) त्याची कठीणता जेमतेम ३.५ ते ४. धुळीत क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण असतात, त्यांची ७. म्हणून कोरड्या फडक्याने अजिबात घासू नका, चरे पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड एवढं पुरे. लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की झिलई उतरते. पेंडंट किंवा कानातल्यांसाठी हा दगड उत्तम. रोज वापरायच्या अंगठीसाठी मात्र ऱ्होडोनाइट बरा: तोही मँगनीजचा, पण सिलिकेट, कठीणता ५.५ ते ६.५. त्यात बहुधा काळ्या रेषा दिसतात.