अनसीन उताऱ्यात लेखकाची करामत कशी ओळखायची

इंग्रजीच्या पेपरात अनसीन उतारा किंवा कविता आली की आमच्या दारव्ह्याकडची पोट्टी आधी अलंकार शोधत सुटतात. 'लाइक' दिसला की सिमिली, म्हणजे उपमा, विषय संपला. सांजच्याला माझ्या छपरीत दहावी-बारावीची पोरं बसतात, त्यांना मी पहिले ही सवय सोडायला लावते. पेन खाली ठेवा, उतारा सलग वाचा. कोण बोलतंय, कोणाशी, आणि त्याच्या मनात राग आहे, भीती आहे की माया? ते पेन्सिलीने एका ओळीत टिपून ठेवा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालते.

दुसऱ्या वाचनात क्रियापदांखाली रेघ ओढा. फळ्यावर मी या माझ्याच दोन ओळी लिहिते:

'द विंड वॉज अ हंग्री डॉग. इट स्निफ्ड ॲट एव्हरी डोअर अँड फाउंड अवर्स ओपन.'

इथे लाइक नाही, ॲज नाही, थेट 'वॉज' आहे. म्हणून हा मेटाफर, मराठीच्या पेपरातलं रूपक. बरीच पोरं पर्सॉनिफिकेशन, म्हणजे निर्जीवाला माणसाचे गुण देणं, असं लिहितात, पण वाऱ्याला गुण दिलेत ते कुत्र्याचे, माणसाचे नाहीत. नाव सापडलं, आता खरं काम. 'ब्ल्यू', म्हणजे वाहिला, हे साधं क्रियापद सोडून 'स्निफ्ड' का? हुंगणारं जनावर काहीतरी शोधत असते, म्हणजे वाऱ्याला हेतू आला. 'एव्हरी डोअर'मुळे तो गावभर फिरतो. आणि 'ओपन' अगदी शेवटी ठेवलाय. कुत्रा भुकेला आहे हे आपल्याला तोवर कळून चुकलेलं असते, म्हणून त्या साध्या शब्दाची धास्ती वाटते. तोच शब्द वाक्यात आधी आणून बघा, धास्ती निघून जाते.

उत्तरात नाव, उताऱ्यातले नेमके दोन-तीन शब्द आणि परिणाम एकमेकांना चिकटून यावेत: 'द मेटाफर "अ हंग्री डॉग" सजेस्ट्स दॅट द विंड इज सर्चिंग फॉर समथिंग, सो द ओपन डोअर फील्स डेंजरस.' 'इट मेक्स द पोएम ब्युटिफुल' हे वाक्य कोणत्याही कवितेला लावता येते. वहीत दिसलं की मी ते खोडते.

ॲलिटरेशनला, म्हणजे जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी येण्याला, कान लागतो. 'सिटी' आणि 'कोल्ड'चं पहिलं अक्षर सी, पण ध्वनी वेगळा. 'काइट' आणि 'कोल्ड'ची अक्षरं वेगळी, ध्वनी एकच. शंका आली तर शब्द देवनागरीत लिहा, लगेच उलगडा होते. यमकाचंही तेच, 'लव्ह' आणि 'मूव्ह' स्पेलिंगवरून जोडू नका.

सरावाला पुस्तकच पाहिजे असं नाही. कृषी केंद्रावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याची पोस्टरं असतात, 'मोठं बोंड, सोपी वेचणी, भरघोस उत्पन्न' अशा धर्तीची. दोन-दोन शब्दांचे तीन तुकडे, म्हणून ते तोंडात बसते. क्रियापद कुठेच नाही, त्यामुळे किती, कधी, कोणत्या जमिनीत, हे सांगावंच लागत नाही. आणि क्रम बघा: आधी डोळ्याला दिसणारं बोंड, मग मजुरीची चिंता, शेवटी पैसा. बोंडअळीचं नाव नाही, पावसाचंही नाही. जे गाळलंय तेही लेखकाने निवडलेलंच असते. जाहिरातीचा उतारा इंग्रजीत आला की हेच प्रश्न विचारा. माझ्या अनुभवात पोरं यात फार लवकर तरबेज होतात, कारण पोस्टरची बोली त्यांनी घरी झालेल्या चर्चेत ऐकलेली असते.

वेळेचं गणित सोपं आहे. 80 गुण, 3 तास, म्हणजे 4 गुणांच्या प्रश्नाला 9 मिनिटं. त्यातली तीन-चार वाचनाला द्या, बिनधास्त.

ऐन वेळी अलंकाराचं नाव आठवलं नाही तर जागा कोरी सोडू नका. 'द रायटर रिपीट्स द वर्ड "नेव्हर" थ्री टाइम्स' इतकं साधं लिहा, आणि त्या तिसऱ्या 'नेव्हर'ला पोचेपर्यंत वाचणाऱ्याला काय वाटते, ते पुढच्या वाक्यात जोडा.