पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर: पीसीआरमधल्या या चुका टाळा

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या चक्रागणिक दुप्पट प्रती काढण्याची पद्धत. ती झालेली नळी मास्टर मिक्सच्या, म्हणजे पीसीआरसाठी लागणारं रसायनांचं मिश्रण बनवायच्या, टेबलावर उघडू नका. शिकाऊ मुलांना हे मी वर्षानुवर्षं सांगते आहे. तीस चक्रांत डीएनएच्या एका तुकड्याचे हिशेबाने शंभर कोटींवर तुकडे होतात. झाकण उघडताना त्यांचा न दिसणारा तुषार उडतो आणि पुढचे कितीतरी नमुने नासवतो.

मास्टर मिक्सची खोली आणि जेलची खोली (जिथे पीसीआर झालेला डीएनए जेलवर पट्ट्यांच्या रूपात बघतात) वेगळ्या असल्या तरी निर्धास्त राहू नका. मी बडोद्यात ज्या लॅबमध्ये शिकले, तिथे त्या वेगळ्याच होत्या. नवरात्राचे दिवस, गरब्याला पोचायची सगळ्यांना घाई. छोटा उदेपूरकडून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचे नमुने आले होते, त्यात एक गर्भवतीचा. आणि एनटीसीत, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत, पट्टा दिसला! म्हणजे कुठूनतरी डीएनए शिरला होता. पाणी बदललं, नवे प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) उघडले, पिपेट उघडून धुतले. पट्टा तसाच. नऊ दिवस गेले. शेवटी टेबल, फ्रीजची मूठ, रॅक, सगळ्यांवरून ओले स्वॅब फिरवले आणि त्यांचाच पीसीआर लावला. दोषी निघाला बर्फाचा डबा. बर्फाचं मशीन जेलच्या खोलीत. तिथले हातमोजे डब्याला लागायचे आणि तोच डबा मास्टर मिक्सशेजारी येऊन बसायचा. त्या गर्भवती बाईंचा अहवाल तोवर अडकला. त्यांना ताटकळत ठेवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून स्वच्छ, म्हणजे मास्टर मिक्सच्या, खोलीत बाहेरचं काहीच येऊ देत नाही, एप्रन आणि मार्करसुद्धा नाही. बर्फाऐवजी आतल्याच फ्रीझरमधला थंड ब्लॉक. जेलच्या खोलीत एकदा गेले की त्या दिवशी मास्टर मिक्सला हात लावत नाही, काम कितीही तुंबलेलं असो.

टेबल नुसतं स्पिरिटने पुसू नका. त्याने जंतू मरतात, डीएनए मोडत नाही. रोज ताजं दहा टक्के ब्लीच करा, दहा मिनिटं राहू द्या, मग पाण्याने पुसा.

फिल्टर टिपांत, म्हणजे पिपेटला लावायच्या तुषार अडवणाऱ्या टोकांत, काटकसर नको.

नळी उघडण्याआधी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, झाकणाला लागलेला थेंब खाली येतो.

गर्भजलाच्या नमुन्यात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. म्हणून आईचा नमुना सोबत मागवा आणि दोन्ही ताडून बघा. नाहीतर बाळाच्या नावावर आईचाच निकाल जाईल.

"मॅडम, एनटीसीत अगदी पुसट आहे, चालेल ना?" हे दर नव्या तुकडीत कोणीतरी विचारतंच. चालत नाही. पट्टा पुसट असला तरी ती अख्खी बॅच रद्द होते, आणि तिच्यातल्या एकाही अहवालावर मी सही करत नाही.