ध्रुवतारा दिसत नसताना माउंट जुळवला

दुर्बीण ताऱ्यांच्या मागे नीट फिरायला माउंटचा (ती ज्यावर फिरते त्या आधाराचा) अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे, म्हणजे ध्रुवताऱ्याजवळ, रोखावा लागतो. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर. आमच्या गच्चीवरून तो समोरच्या इमारतीआड जातो, त्यामुळे पोलर स्कोप (ध्रुवतारा पाहून अक्ष जुळवायची माउंटमधली छोटी दुर्बीण) निरुपयोगी. शेवटी ड्रिफ्ट पद्धतच कामी आली: तारा कुठे घसरतो ते पाहून अक्ष जुळवायचा.

आधी माउंटवरची अक्षांशाची पट्टी पुण्याच्या १८.५ वर लावली आणि होकायंत्राने ढोबळ उत्तर धरली. (होकायंत्र ट्रायपॉडपासून लांब धरा, लोखंडाने सुई फिरते.) मग मोटर चालू करून क्रॉसहेअरच्या आयपीसमध्ये (फुलीच्या रेषा असलेल्या नेत्रिकेत) मृगाच्या बाणातला मिंटाका घेतला. हा तारा खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वरची आकाशातली रेषा) अगदी लागून आहे, आणि तेव्हा माथ्याच्या दक्षिणेला, मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आला होता. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे लक्षच द्यायचं नाही. तारा दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला वळलेला आहे, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. आयपीसमध्ये दिशा कळत नसेल तर नळी किंचित उत्तरेकडे ढकला; तारा जिकडे जाईल ती दक्षिण.

मग पूर्वेकडचा मघा तारा घेतला. इथे दक्षिणेकडे घसरण म्हणजे अक्ष खाली, उत्तरेकडे म्हणजे वर. उंचीचा बोल्ट अगदी पाव फेराच फिरवायचा आणि पुन्हा पाहायचं. घाई इथेच नडते. उंची बदलली की मिंटाका परत तपासावा लागतो.

आता गुरू बराच वेळ आयपीसमध्ये स्थिर राहतो, पट्टे निवांत पाहता येतात.