मुलांचं सिनेमा-शिबिर कसं घ्यावं: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी पाच दिवसांची आखणी

मुंबईतल्या मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलाला लोकलमधली घोषणा म्हणून दाखवायला सांगा. पुढील स्टेशन दादर, अगला स्टेशन दादर, नेक्स्ट स्टेशन दादर. आवाजाच्या चढउतारासकट म्हणेल. त्याच मुलाला वर्गात उभं करून "स्वतःबद्दल चार वाक्यं इंग्रजीत सांग" म्हटलं की मान खाली जाते. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे शब्दांची शिदोरी या मुलांकडे असते. ते शब्द वापरायला काही निमित्त नसतं, आणि एकच वाक्य न लाजता दहा वेळा म्हणायची सोय नसते.

शूटिंगमध्ये ती सोय आयती मिळते. रिटेक. मागून कुणी गेलं, फोन हलला, बाहेर कावळा ओरडला, प्रत्येक वेळी तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मुलाचं इंग्रजी अडखळलं तर तेही रिटेकच्या अनेक कारणांपैकी एक होऊन जातं, कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. गेली काही वर्षं मी सुट्टीत असं शिबिर घेते आहे, आणि माझी सगळी आखणी या रिटेकभोवती आहे.

तारखा आणि माणसं

मे महिन्यात शिबिर ठेवू नका. मे महिन्यात निम्मी मुलं गावी असतात, आणि तिसऱ्या दिवशी गटातली नायिकाच रत्नागिरीच्या गाडीत बसलेली असते. परीक्षा संपल्यावरचा एप्रिलचा शेवट किंवा शाळा उघडण्याआधीचा जूनचा पहिला आठवडा बरा. दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं तर भाऊबीज होऊन जाऊ द्या. जूनमध्ये घेणार असाल तर सगळ्या गोष्टी घरात, जिन्यात, हॉलमध्ये घडतील अशाच ठेवा, पाऊस विचारून येत नाही.

वय 10 ते 14. मुलं 15, गट तीन, प्रत्येक गटात पाच जण: दिग्दर्शक, कॅमेरा, क्लॅप (टेकच्या सुरुवातीला नंबर सांगून वाजवायची पाटी) आणि आवाज मिळून एक, आणि दोन नट. रोज कामं बदलायची. जो मुलगा कॅमेऱ्यासमोर थिजतो तोच क्लॅप हातात आल्यावर "सीन टू, टेक फोर" असं खणखणीत ओरडतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की लाजऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मी हमखास क्लॅपच देते. प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस हवंच. कॉलेजात जाणारी ताई किंवा दादा असेल तर उत्तम. त्याला सिनेमा येत नसला तरी चालेल, धीर हवा.

वेळ सकाळी 8 ते 11:30. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि मुलंही घामाघूम होतात. मधल्या सुट्टीत पोहे किंवा केळी, आणि कोकम सरबताचा भरलेला कॅन.

सामान

तीन फोन, तीन साधे ट्रायपॉड, वायरचे तीन कॉलर माइक, एक लॅपटॉप, एक्स्टेंशन बोर्ड. एवढ्यात भागतं. मुलांना घरून फोन आणायला सांगू नका. ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्यांची अडचण होते, आणि ऐन टेकमध्ये आत्याचा कॉल येतो. आयोजकांनी आपलेच जुने फोन जमवावेत. शूटिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर, आडवा धरलेला, लेन्स सुती कापडाने पुसलेली. प्रत्येक फोनमध्ये निदान 10 जीबी जागा रिकामी ठेवा, आणि रोज घरी जाण्याआधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. चौथ्या दिवशी फोन भरला, घाईत नको ते पुसलं गेलं आणि एका गटाचा शेवटचा प्रसंगच गेला. त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात.

पालकांचं संमतीपत्र मराठीत हवं आणि त्यात दोन वेगळ्या सह्या हव्यात: एक शूटिंगसाठी, दुसरी सिनेमा बाहेर कुठे दाखवण्यासाठी. पहिली देऊन दुसरी न देणाऱ्या पालकांना का म्हणून विचारू नका.

पहिला दिवस: मुका सिनेमा

पहिल्याच दिवशी संवाद बोलायला लावलं तर मुलं मिटतात. म्हणून सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करा. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडद्यावर कुणी बोलत नव्हतं. प्रसंगांच्या मध्ये पाट्या यायच्या, इंग्रजी आणि हिंदी. मुलांना एवढं सांगा आणि प्रत्येक गटाकडून एका मिनिटाचा मुका सिनेमा करून घ्या: चार शॉट, मध्ये तीन इंग्रजी पाट्या. पाटी कार्डशीटवर, स्केचपेनने, जास्तीत जास्त पाच शब्दांची. "माय टिफिन इज एम्प्टी!" लिहिताना 'टिफिन'मध्ये एफ एक की दोन यावर पाच डोकी एकत्र येतात. त्या दिवसाचं स्पेलिंग तिथेच होऊन जातं.

फाळक्यांची आणखी एक गोष्ट या शिबिराच्या फार कामाची आहे. मोठा सिनेमा करण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली होती. आपण मटकी घ्यायची. पहिल्या दिवशी वाटीत ओल्या कापसावर चार दाणे, फोन त्याच जागी, रोज दोन फोटो आणि प्रत्येक फोटोखाली मुलांनी लिहिलेलं एक इंग्रजी वाक्य. एका वर्षी दुसऱ्या दिवसाचं वाक्य होतं, "इट हॅज अ स्मॉल व्हाइट टेल." शेपूट! मी सांगून हे वाक्य आलं नसतं.

दुसरा दिवस: गोष्ट मराठीत, संवाद इंग्रजीत

इथे बऱ्याच शिबिरांत गडबड होते. "इथे फक्त इंग्रजीत बोलायचं" असा नियम केला की मुलं इंग्रजीत येतं तेवढाच विचार करतात, आणि गोष्ट पाणचट होते. गोष्ट मराठीतच रचू द्या. भांडू द्या, हातवारे करू द्या. हरवलेली चप्पल, लिफ्ट बंद पडणं, आजीचा चष्मा, क्रिकेटचा बॉल शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाणं: असे घरचे विषय निघतात आणि तेच घ्यावेत. भुताची गोष्ट दरवर्षी निघते. तीही करू द्या, पण भूत काय बोलतं ते ठरवायला लावा.

मग प्रत्येक संवाद मुलं आधी मराठीत म्हणतात आणि गट मिळून तो इंग्रजीत आणतो. एका वाक्यात सहा-सात शब्द, एका मुलाला चार ते सहा वाक्यं, पूर्ण सिनेमा दोन मिनिटांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा चित्रपटसृष्टीतला ठोकताळा इथेही लागू पडतो, तेव्हा दोन पानांपुढे जाऊ देऊ नका. "तूच घेतलास माझा डबा!" याचं "यू टुक माय डबा!" झालं तर छानच आहे, डबा डबाच राहू द्या.

सुरुवातीला संवाद मीच लिहून द्यायचे. मुलांनी ते पाठ केले, सिनेमे देखणे झाले, पालक खूश झाले. नंतर एका मुलीने मला हळूच विचारलं, "ताई, मी जे 'सस्पिशस' म्हणाले ते काय होतं?" त्यानंतर मी एकही ओळ लिहिलेली नाही.

चुका कुठल्या सुधारायच्या? एका सिनेमाला एकच. बहुतेक गटांत ती प्रश्नाची चूक असते: "व्हाय यू आर क्रायिंग?" ही चूक आपल्या मराठीतून येते. 'तू रडतोयस' या वाक्यात 'का' घातला की आपला प्रश्न तयार होतो, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत हलावे लागतात. हे फळ्यावर समजावण्यापेक्षा चार मुलांच्या हातात चार शब्दांची कार्डं द्या आणि रांगेत उभं करा. 'यू' आणि 'आर' धरलेल्या मुलांना जागा बदलायला लावा: व्हाय आर यू क्रायिंग. दोन-तीन प्रश्न असे उठून-हलून केले की शूटिंगच्या वेळी दिग्दर्शकच नटाला हाताने खूण करून जागा बदलायची आठवण देतो.

उच्चारातला एक फरक कॅमेरा आपल्यापेक्षा चांगला शिकवतो. मराठीत 'विलेज' आणि 'विंडो' दोन्हींना एकच व. इंग्रजीत पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. ओठांचा क्लोजअप घ्या आणि मुलांना लॅपटॉपवर दाखवा. बाकी मराठी वळणाच्या इंग्रजीला हात लावू नका. समोरच्याला कळलं म्हणजे पुरे.

तिसरा आणि चौथा दिवस: शूटिंग

भिंतीवर शूटिंगच्या इंग्रजीचा मोठा तक्ता लावा, शब्द ठळक. सायलेन्स प्लीज. कॅमेरा? रोलिंग. ॲक्शन. कट. वन मोर टेक, प्लीज. लाउडर, प्लीज. कॅन यू मूव्ह अ लिटल लेफ्ट? द फॅन इज ऑन! नियम एवढाच की सेटवरच्या सूचना तक्त्यातल्या, बाकी गप्पा हव्या त्या भाषेत. चौथ्या दिवसापर्यंत मुलं तक्त्याकडे बघायची थांबतात, आणि सूचनांमध्ये स्वतःचे शब्द घालायला लागतात.

प्रत्येक शॉटचे निदान तीन टेक, पहिला चांगला झाला तरी. मुलांना याचं कारण "सेफ्टी" असं सांगा. ते खरंही आहे. टेकनंतर चूक आपण सांगायची नाही. दिग्दर्शक मुलाला विचारायचं, "वन मोर?" ठरवणं त्याच्याकडे.

आठ-दहा शॉट आधी चौकटी आखून कागदावर काढलेले असावेत: लांबचा, मधला, जवळचा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो, मग शॉटमध्येच चेहरा अंधारत नाही. चित्राचं एवढं पुरे.

खरी लढाई आवाजाशी. पंखे बंद, खिडक्या बंद, भिंतीवर दोन गोधड्या टांगलेल्या म्हणजे हॉल घुमत नाही. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा, विमान यांसाठी थांबावं लागतंच, आणि थांबण्यात वाक्याची आणखी एक तालीम होते. अगदीच जमत नसेल तर चित्र आधी घ्या आणि संवाद नंतर गोधडीच्या आडोशाला भरा. आपल्या सिनेमात अनेक दशकं डबिंग असंच रूढ होतं. स्वतःच्या ओठांबरोबर वाक्य जुळवायला मुलाला ते पंधरा-वीस वेळा म्हणावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा सहज येतं.

लोकलचा प्रसंग सगळ्यांना हवा असतो. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, आणि 15 मुलं घेऊन प्लॅटफॉर्मवर जाणं सुरक्षितही नाही. डबा हॉलमध्येच उभा करा. समोरासमोर बाकं, वर आडवी दोरी, दोरीला बांगड्यांच्या कड्या. सगळ्यांनी एका लयीत हलायचं आणि एका मुलीने घोषणा द्यायची, तिन्ही भाषांत. इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर शूटिंग असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी भेटा.

पाचवा दिवस: संकलन आणि खेळ

एडिटिंगमध्ये मोठी माणसं सगळं हातात घेतात, आणि मुलं मागे बसून कंटाळतात. तसं होऊ देऊ नका. टेक निवडणं पूर्णपणे मुलांचं. गट एकेक टेक ऐकतो, वहीत नंबर लिहितो आणि का निवडला ते एका इंग्रजी वाक्यात सांगतो: "टेक थ्री, बिकॉज हर व्हॉइस इज क्लिअर." स्वतःचं इंग्रजी ऐकून सुधारण्याचा इतका चांगला तास वर्गात मिळत नाही. जोडायचं काम ताई-दादांनी करावं. ओपनशॉट किंवा शॉटकट ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चित्रावर शिक्का मारत नाहीत.

इंग्रजी संवादांखाली मराठी ओळी मुलांनीच लिहायच्या, कारण पहिल्या रांगेत आजी-आजोबा बसणार आहेत. संगीतासाठी सिनेमातलं गाणं उचलू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. ढोलकी, टाळ, स्टीलचं ताट आणि चमचा: मुलं पाच मिनिटांत काहीतरी वाजवतात.

खेळ संध्याकाळी साडेसातनंतर, अंधार पडल्यावर. पांढरी चादर कडक ताणलेली, प्रोजेक्टर, आणि स्पीकर चांगला, कारण वाक्य ऐकू आलं नाही तर पाच दिवसांची मेहनत वाया. प्रत्येक सिनेमानंतर गटाने पुढे यायचं आणि प्रेक्षकांचे दोन प्रश्न इंग्रजीतून घ्यायचे. प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालकांना आधीच वाटून ठेवा. अनेक आया म्हणतात, "मला नाही जमणार हो." त्यांना त्यांच्याच मुलांकडून तालीम करून घ्यायला सांगा. एका आईंचा प्रश्न वाचताना अडला, तेव्हा चादरीसमोर उभा असलेला त्यांचा मुलगा पटकन म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आई. वन मोर टेक."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाला पेनड्राइव्हवर आपल्या गटाचा सिनेमा द्या, न वापरलेले टेक फोनमधून आणि लॅपटॉपवरून पुसा, आणि ज्या पालकांनी दुसरी सही दिली नाही त्यांच्या मुलांचे सिनेमे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.