दोन-अडीच वर्षांच्या मुलासोबत पहिला पट मांडताय? या चुका टाळा

सुरुवात सापशिडीने करू नका. घरोघरी हीच चूक होते, आमच्याकडेही झाली. एका बाजूला लुडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी असा पट लेकीला भेट मिळाला आणि मी लगेच मांडून बसले. शंभर घरं, एक ओळ डावीकडून उजवीकडे, तिच्या वरची उलटी, त्यात ठिपके मोजून तितकीच घरं चालायची. तिला यातलं काहीच झेपलं नाही. तिने सोंगट्या मुठीत गोळा केल्या आणि एक सरळ तोंडात घातली.

म्हणून खोक्यावरचं वय आधी वाचा. ‘3+’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा बुद्धीसाठी नसून घशात अडकू शकणाऱ्या बारीक तुकड्यांसाठी असतं. ‘आमची हुशार आहे’ म्हणून तिथे सूट घेऊ नका. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. लुडोच्या सोंगट्या जातात, चिंचोके आणि कवड्याही जातात. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही बघून घ्या.

या वयात ठिपके मोजता येत नाहीत, पण रंग जुळवता येतात. पहिला फासा रंगांचा हवा. हाबा या जर्मन कंपनीचा ‘फर्स्ट ऑर्चर्ड’ हा खेळ मला यासाठीच फार आवडतो. लाकडाची मोठी सोळा फळं, चार रंगांची झाडं. जो रंग पडेल त्या झाडाचं फळ टोपलीत टाकायचं. फाशावर टोपलीचं चित्र पडलं तर कुठलंही एक फळ घ्यायचं. कावळ्याचं चित्र पडलं की पटावरचा कावळा बागेकडे एक पाऊल पुढे येतो. सगळे मिळून कावळ्याविरुद्ध खेळतात, त्यामुळे आई जिंकली नि मी हरले हा प्रश्नच येत नाही. विकतचा महाग वाटला तर मोठ्या ठोकळ्याच्या सहा बाजूंना रंगीत कागद चिकटवा, फळांऐवजी त्याच रंगांचे ठोकळे घ्या.

फासा दिवाणाखाली जातो? स्टीलच्या वाटीत घालून खुळखुळवायला द्या आणि ताटलीत उपडी करायला सांगा. आमच्याकडे त्या खणखणाटासाठीच ती खेळायला बसते.

पाळी येईपर्यंत धीर धरवत नसेल तर दोघंच खेळा. आजी बसलीच, तर वाटी आजीला नेऊन द्यायचं काम मुलाकडे द्या. हात मोकळे राहिले की पट उधळलाच म्हणून समजा.

नियम चुकला की टोकू नका. अंगणातल्या खेळात आपण धाकट्याला लिंबूटिंबू धरायचो ना, तसंच. तिने लाल पडल्यावर पिवळं फळ उचललं, तर मी फक्त ‘हे पिवळं’ म्हणते आणि टोपली पुढे करते.

दहा मिनिटं पुरे. कंटाळा येण्याआधी आवरायला घ्या, आणि आवरणंही खेळातच धरा. लेक एकेक फळ खोक्यात टाकते, मोठ्याने मोजत: एक, दोन, पाच, दहा.