घरच्या सायीची मऊ कॅरमल टॉफी

मे महिन्यात करू नका बाप्पा, आपल्या इकडच्या ४५ डिग्रीत टॉफी कागदातच पाघळते, थंडीतच करा. २०० ग्राम साखर, पाव कप पाणी अन् लिंबाचे ४-५ थेंब जाड बुडाच्या गंजात मध्यम आचेवर ठेवा, साखर विरघळली की मग चमचा घालायचा नाही, नाहीतर परत दाणे पडतात. मधासारखा रंग आला की गॅस बारीक करा आन १५० मिली घोटलेली कोमट साय थोडी थोडी ओता, थंडी ओतली तर भसकन वर येते, माझ्या मनगटावर अजून डाग आहे, म्हणून लेकरायले दूरच ठेवा. मग ५० ग्राम लोणी, चिमूटभर मीठ, अन् हलवत राहा.

खरी गोष्ट पाकाची. थर्मामीटर असंल तर ११८ डिग्री, नसंल तर वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघा, बोटात गोळी वळली, पाण्याबाहेर काढली तरी आकार धरून राहिली पण दाबल्यावर दबली की उतरवा. पसरली तर अजून दोनेक मिनिटं, कडक झाली तर चमचाभर गरम साय घालून परत आटवा. तूप लावलेल्या थाळीत ओता, पूर्ण थंड झाल्यावर सुरीला तूप लावून कापा, बटर पेपरात गुंडाळा.